पुन्हा लावा

कोर्टातल्या पडद्यावर एका माणसाला काठीनं मारत होते. चौकातल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं ते दृश्य मुकं होतं. काठी डोक्यावर पडायची, माणूस गुडघ्यांवर कोसळायचा आणि आरोपीचे वकील म्हणायचे, "पुन्हा लावा. मारणाऱ्याचा चेहरा दिसत नाही." मग तो मेलेला माणूस पडद्यावर पुन्हा उभा राहायचा, पुन्हा मार खायला.

मी कायदा शिकवतो. अशा चित्रीकरणाचा पुरावा कसा तपासावा, यावर लेख लिहायचा म्हणून मी तिथं बसलो होतो. कॅमेरा कुणाचा, नक्कल कुणी काढली, ती खरी असल्याचा दाखला जोडलाय का, यावर आम्ही पानंच्या पानं खरडतो. मेलेल्या माणसाला किती वेळा मारायचं, हे मात्र आम्हा शहाण्यांपैकी कुणालाच सुचलेलं नाही.

माझ्या शेजारी त्या मेलेल्या माणसाची बायको बसली होती. काठी उगारली की तिचा हात स्वतःच्या डोक्यावर जायचा. वकील परत उठले, तशी तीही उठली.

"साहेब, लावायचंच तर आवाजासकट लावा. पडताना ह्यांनी मला हाक मारली असेल."

"ह्यात आवाज नसतो, बाई," कारकून म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

पडद्यावर त्याचं तोंड उघडलं. काठी खाली आली.