गजाननचा अँटेना

चाकणच्या कारखान्यात साच्यातून निघालेलं पहिलं झाकण हातात घेऊन मी उभा होतो, अजून गरमच होतं. गजाननला कळवावं असं मनात आलं, तेवढ्यात त्याच्याच नंबरवरून फोन वाजला. म्हटलं, शंभर वर्षं आयुष्य आहे लेकाला... पलीकडे वैशालीवहिनी होत्या. “भावोजी, हे उठतच नाहीयेत,” एवढंच म्हणाल्या. महिना उलटला, तरी ते झाकण माझ्या बॅगेतच आहे.

आम्ही एकाच कंपनीत. ट्रक कुठे पोचला हे सांगणारी डबी आम्ही बनवतो. उपग्रहांचे सिग्नल पकडणारा तिच्यातला छोटा अँटेना गजाननचा आणि वरचं प्लास्टिकचं झाकण माझं, त्यामुळे भांडण ठरलेलं. साहेबांना दर वेळी डबी आणखी लहान हवी असायची आणि तो निरोप घेऊन जायचं माझ्या नशिबी. “आभाळ सगळं पायजे अन् जागा बोटभर देणार,” तो म्हणायचा. इतकी वर्षं पिंपळे गुरवात काढली, पण उदगीरची बोली काही सोडली नाही पठ्ठ्याने. चिनी मातीच्या चौकोनी वडीवर चांदीचा पातळ थर, असा तो अँटेना. टेबलावर अगदी नीट जुळलेला असायचा आणि माझं झाकण ठेवलं की बिघडायचा. मग हा पात्याने कडेची चांदी हलकेच खरवडणार, झाकण लावणार, मीटरवरची रेघ बघणार, झाकण काढून पुन्हा खरवडणार... जरा जास्त खरवडलं की सगळं फुकट. मी वैतागायचो. “पुरे की राव, ट्रकला लावायचाय, देव्हाऱ्यात नाही ठेवायचा.” त्यावर मान वर न करता म्हणायचा, “तुझं झाकण लई शहाणं हाय, त्यालाच विचार.” असं तोंडावर बोलणारं आता मला कोणी उरलं नाही.

शेवटचा अँटेना त्याने घराच्या गच्चीवर लावला होता, पाण्याच्या टाकीजवळ. तिथून वायर खाली खोलीतल्या संगणकाला. पडद्यावर गच्चीचा नकाशा आणि त्यात एक ठिपका. अँटेना जागचा हलत नाही, पण आभाळातून येणारा सिग्नल थोडाफार चुकतो, म्हणून ठिपका सरकत राहतो, टाकीपासून जिन्याकडे आणि परत. ते सरकणं त्याला कमी करायचं होतं. फोनवर बोलताना तो स्वतःही गच्चीत अशाच येरझाऱ्या घालायचा. वहिनी चिडवायच्या, “तुमच्यावरच गेलाय.”

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला बोलावलं. भाड्याचं घर सोडून त्या उदगीरला सासूबाईंकडे चालल्या होत्या, अँटेना काढायचा होता. जाऊन बघतो तर संगणक सुरूच. वहिनी समोर खुर्ची ओढून बसलेल्या.

“रोज बघते मी,” त्या म्हणाल्या. “कळतं हो भावोजी, हे नाहीत ते. पण वर कुणीतरी चालतंय ना...”

माझा बांध फुटला. म्हटलं, राहू दे, नाही काढत. तर त्याच म्हणाल्या, “काढा. नाहीतर माझा पाय निघायचा नाही इथून.”

वर गेलो. अँटेनावर माझंच जुनं झाकण होतं. वायर ओढून काढली.

खाली आलो तर ठिपका गेला नव्हता. सिग्नल तुटला की शेवटची जागा दाखवत राहायचं, हे आम्हीच ठरवलं होतं, ट्रक बोगद्यात शिरला तर कळावं म्हणून. ठिपका जिन्याच्या तोंडाशी थांबला होता.

वहिनींनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“खाली यायला निघाले होते,” त्या म्हणाल्या.