साडूभाऊंचा सर्व्हर

जगात विकत घ्यावी अशी वस्तू फक्त मीठ, बाकी सगळं कुठं ना कुठं फुकट मिळतं, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. उमरग्यात ज्या दवाखान्यात मी केसपेपर सांभाळतो, तिथला सर्व्हर, म्हणजे सगळ्या पेशंटांच्या नोंदी पोटात ठेवणारा कॉम्प्युटर, साडूभाऊंनी भंगारातल्या दोन यंत्रांतून जुळवला होता. त्यावरची प्रणालीही इंटरनेटवरून फुकट उतरवलेली. चहा पिताना ते त्याच्या पाठीवर हात ठेवत, "ताप न्हाय," म्हणत आणि मगच बिस्कीट बुडवत. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो बंद करून हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ असं सगळं साग्रसंगीत होई. पुन्हा चालू करताना मात्र आम्हाला खोलीबाहेर हाकलून ते परवलीचे शब्द टाईप करत. ते लिहून ठेवा म्हटलं, की चिडत. "कागद कोण बी वाचतंय!"

एकदा सोलापूरहून एका कंपनीचा विक्रेता आला. त्यांचा सर्व्हर महाग, वर दरसालची फी, पण अडचणीला चोवीस तास फोन उचलणारी माणसं. डॉक्टर मॅडम विचारात पडल्या. साडूभाऊ म्हणाले, "मॅडम, ह्यांचा माणूस फोन उचलंल, पर हितं यील का? म्या हितंच हाय की."

"आणि तुम्ही नसलात तर?" विक्रेत्यानं नम्रपणे विचारलं.

"म्या कुठं जातुय?" साडूभाऊ गडगडाटी हसले. आम्हीही हसलो. विक्रेता चहा न घेताच गेला.

यंदा श्रावणात साडूभाऊंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. खंडेनवमीला त्यांची रीत मोडू नये म्हणून मी शहाण्यानं सर्व्हर बंद केला, हार घातला, नारळ फोडला. चालू केल्यावर परवलीच्या शब्दांची रिकामी चौकट समोर आली, आणि ते शब्द तर फक्त साडूभाऊंच्या डोक्यात. साडूभाऊंनी नोंदींची दुसरी प्रत ठेवली होती, पण तिलाही तेच शब्द लागत. बाहेर पेशंट खोळंबलेले, आणि कुणाला कुठलं औषध सोसत नाही ते सगळं आत अडकलेलं.

मुरूमहून, त्यांच्या घरून, साडूभाऊंना जीपमधून आणलं. मांडीवर कीबोर्ड ठेवला. डाव्या हाताच्या एका बोटानं, दोनदा चुकून, घामाघूम होत त्यांनी ते शब्द पुरे केले. या वेळी मी शेजारीच उभा होतो, आणि मला बाहेर हाकलायला त्यांना बोलता येत नव्हतं. पडद्यावर नावं दिसू लागली, तेव्हा मला रडू आवरेना.

दिवाळीआधी मॅडमनी कंपनीचा सर्व्हर घेतला. त्यांच्या जागी मीही घेतला असता.

दर रविवारी मी मुरूमला जातो. साडूभाऊ डाव्या मुठीची उघडझाप करून विचारतात, सर्व्हरचा दिवा लुकलुकतोय का? मी म्हणतो, "व्हय साडूभाऊ, लुकलुकतोय." त्यांच्याशी खोटं बोलवत नाही, म्हणून ते जुनं धूड मी माझ्या घरी चालू ठेवलंय. आत आता एकही पेशंट नाही. मुरूमला निघण्याआधी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघतो. ताप नसतो.