हसरा तळ

“तळ हसला की संशय घ्यावा.” हे वाक्य दाजींच्या तोंडी इतकं बसलं होतं, की नकाशाच्या खोलीत त्यांना सगळे शंकासूरच म्हणत. दाजी म्हणणारा एकच, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो मोजणीच्या बोटीवर खलाशी होता आणि बहिणीकडेच राहायचा.

बेटं होती ना धड तापल्या मुलखातली, ना धड थंड. एका अंगाला उथळ, उन्हानं कोमटलेलं पाणी. दुसऱ्या अंगाला लांबून वाहत आलेला गार प्रवाह. बोट बेटांभोवती नांगरटीसारखे पट्टे मारत फिरे. तिच्या पोटातलं यंत्र खाली आवाज सोडी आणि तो परतायला किती वेळ लागला, त्यावरून खोली सांगे. मग ते पट्टे रंगीत चित्रं होऊन दाजींच्या टेबलावर येत. हे वाळूचं मैदान, ही प्रवाळाची रांग, हा खडकाळ उंचवटा, ही घळ. लोक माणसांना नावं ठेवतात, दाजी समुद्राच्या तळाला ठेवत.

आता, आवाज कोमट पाण्यात चपळ असतो, गार पाण्यात जरा रेंगाळतो. म्हणून पट्टा मारायच्या आधी बोटीवरून एक नळी खाली सोडून पाणी पारखून घ्यावं लागे. ते चुकलं तर साधी सपाट वाळूसुद्धा चित्रात दोन्ही कडांनी वर वळलेली दिसे, ओठांचे कोपरे वर गेल्यासारखी. तोच हसरा तळ. आणि नळी सोडायचं काम होतं मेव्हण्याकडे. दाजींनीच शब्द टाकून ते त्याला मिळवून दिलं होतं.

एका सकाळी गार अंगाला लाटा अंगावर येत होत्या. मेव्हण्यानं नळीकडे पाहिलं, लाटांकडे पाहिलं. “पाणी ते पाणी,” असं स्वतःशीच म्हणत त्यानं आदल्या दिवशीचं, कोमट अंगाचं माप यंत्राला देऊन टाकलं. कुणी पाहिलं नाही.

पण चित्र दाजींच्या टेबलावर आलं, आणि तळ हसला.

दाजींचा संशय म्हणजे घरचा पाहुणाच, जायचं नावच घेत नसे. चहात साखर घातली म्हटलं तरी ढवळून बघणार. कुलूप साहेबांनी लावलं तरी परत येऊन ओढून बघणार. “आरशात पाहतानासुद्धा विचारतील, हा मीच ना?” असं ताई म्हणे. अशा माणसाच्या हाती ते चित्र पडलं होतं. मेव्हण्याला वाटू लागलं, आज ना उद्या दाजी आपल्याला पकडणार, बोटीवरचं काम सुटणार, आणि ताईसमोर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

“परवा बोट फार कलत होती का रे?” जेवताना दाजींनी विचारलं.

“नाही बुवा. का?”

“काही नाही. वारा?”

“होता आपला. नेहमीचा.”

“अहो, जेवू द्या त्याला,” ताई म्हणाली. “खलाशी आहे तो, आरोपी नाही.”

दाजी हसले. मेव्हण्याला ते हसूही दोन्ही कडांनी वर वळलेलं वाटलं.

पुढचे दिवस तो दाजींवर पाळत ठेवून होता. दाजी बोट हाकणाऱ्या तांडेलाशी बोलले. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला घेऊन बोटीच्या पोटात उतरले. भरतीओहोटी मोजणाऱ्या बाईंकडे दुपारभर बसले. सगळ्यांना विचारत होते, त्याला मात्र पुन्हा काहीच नाही. खाई त्याला खवखवे. हा माणूस आधी साक्षीदार गोळा करतोय, मेव्हण्याच्या मनानं घेतलं. फास दुरून आवळत आणतोय. बाकी खलाशी कुजबुजले तरी त्याला वाटे, आपलंच चाललंय.

शेवटी एका दुपारी दाजींनी त्याला खोलीत बोलावलं. चष्मा टेबलावर काढून ठेवला होता आणि चित्र उलटं पसरलं होतं.

“बस. ताईला इतक्यात सांगू नकोस.”

आलं, मेव्हण्यानं ओळखलं. तो बसला नाही.

“मी हे टेबल सोडतोय,” दाजी म्हणाले.

“काय?”

“बोट तपासली. यंत्र तपासलं. भरतीचा हिशेब तपासला. सगळं चोख आहे, तरी तळ हसतोय. म्हणजे खोट माझ्या डोळ्यांत. ज्याला मैदान आणि घळ यांतला फरक दिसत नाही, त्यानं इथं कशाला बसावं? संध्याकाळी साहेबांना सांगून टाकतो.”

“आणि नळी?” मेव्हण्याच्या तोंडून निसटलं. “नळीचं विचारलं नाहीत?”

“नळी तू सोडतोस की,” दाजी सहज म्हणाले. “तिथं काय विचारायचं?”

बाहेर धक्क्यावर कुणीतरी साखळदंड ओढत होतं. मेव्हणा आता खुर्ची ओढून बसला.

“दाजी, सोडली नव्हती.”

दाजींनी चष्मा चाचपला. “बरं नव्हतं का तुला?”

“बरा होतो.”

“दोरी तुटली होती?”

“नाही.”

“मग?”

“कंटाळा आला.”

दाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, चित्र सुलट केलं आणि त्यावरून तळहात फिरवला. “वाळूच आहे,” ते हळूच म्हणाले. “साधी वाळू.” मग मान वर न करता म्हणाले, “साहेबांना तू सांगतोस, की मी?”

“मी.”

त्यानं सांगितलं. साहेबांनी पट्टा रद्द केला, मोजणी नव्यानं लावली आणि मेव्हण्याला बोटीवरून उतरवून दोरखंडाच्या कोठीत कामाला बसवलं. दाजी दाराशी उभे होते. या वेळी त्यांनी शब्द टाकला नाही.

दिवस मावळताना, रोज दाजींसोबत घरी निघताना लावायचा तसं, मेव्हण्यानं नकाशाच्या खोलीला कुलूप घातलं. “लावलं, दाजी.”

“हं,” म्हणून दाजी पायऱ्या उतरले आणि धक्क्याच्या वळणापर्यंत गेले. तिथं थांबले. मागे फिरले, सावकाश पायऱ्या चढून आले आणि कुलूप ओढून पाहिलं.

तेव्हा कुठे मेव्हण्याच्या ध्यानात आलं. साहेबांनी लावलेलं कुलूपही ओढून पाहणाऱ्या या माणसानं त्याच्या हातचं कुलूप आजवर कधीच ओढलं नव्हतं.

दाजींनी आणखी एकदा हिसका दिला. कुलूप पक्कं होतं. ते उतरले आणि पाण्याच्या कडेकडेनं घराकडे चालू लागले. मेव्हणा किल्ली मुठीत धरून पायरीवर उभा होता. ते वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला.