ओरेस्तेच्या मचाणावर बाई

ओरेस्ते वारला. गावाने रीतसर डोळे पुसले आणि मग तेच डोळे त्याच्या मचाणावर लावले. मचाण होतं ओकच्या झाडावर, आणि ऑक्टोबरात रानकबुतरांचे थवे डोंगर ओलांडून येतात ते थेट त्या झाडासमोर. धाकटा भाऊ क्विरिनो तर तिथे बसायला नवी उशीसुद्धा घेऊन आला होता.

"उशी परत न्या भावोजी," त्याची वहिनी, ओरेस्तेची विधवा एर्सिलिया म्हणाली. "मचाणावर मी बसणार."

शिकारी मंडळींत हशा पिकला. बाईने जन्मभर पिठाच्या पोळ्या लाटून शेवया कापलेल्या. बंदूक हातात घेतली असेल ती पुसायला! शेवटी ठरलं, की जत्रेतल्या नेमबाजीत दोघांपैकी जो हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या जास्त फोडेल, त्याचं मचाण. वर बक्षीस म्हणून, दरवर्षीप्रमाणे, डुकराची खारवलेली अख्खी तंगडी.

सरावात मोठ्या बंदुकीच्या दणक्याने एर्सिलियाचा खांदा काळानिळा झाला, म्हणून तिने नवऱ्याची बारीक नळीची बंदूक काढली.

"वहिनी, यातून काय वाटाणे उडवणार?" क्विरिनोने विचारलं.

निवृत्त पोस्टमन नाझारेनो तिला शिकवायला लागला. रोज संध्याकाळी दोघं माळावर. गावातल्या बायकांनी तर मनातल्या मनात लग्नाची तारीखही काढली. पण तिथे होत काय होतं? तबकडी सुटायची, बाई बंदूक फिरवत तिला गाठायची आणि चाप ओढताना नेमकी थबकायची. छर्रे मागे, तबकडी पुढे.

"अगं, थांबतेस कशाला?"

"नेम नको का धरायला?"

एकदा नाझारेनो तिच्या स्वयंपाकघरात वाईन पीत बसला होता. एर्सिलिया लाटत होती. तो एकदम ओरडला, "हे बघ! लाटणं काठापाशी थांबवतेस का?"

"थांबवलं तर काठ जाड राहील की!"

"मग बंदुकीनेच काय पाप केलंय? तबकडीच्या पुढे लाटत जा!"

दुसऱ्या दिवशी माळावर पहिली तबकडी फुटून मातीचा धुरळा उडाला. बाईने आनंदाने नाझारेनोला मिठी मारली. बायकांना हवं ते मिळालं.

जत्रेत शेवटच्या तबकडीपर्यंत दोघं बरोबरीत. क्विरिनोची हुकली. त्याने वाऱ्याला शिव्या घातल्या. एर्सिलियाची सुटली, तशी बारीक नळी तिच्यामागून निघाली, तिला मागे टाकून गेली, आणि जाता जाताच धडाडली. तबकडीचा पार भुगा! पाद्रीबुवासुद्धा टोपी उडवून नाचले.

ऑक्टोबरच्या पहिल्या सकाळी क्विरिनो ओकखाली घुटमळताना दिसला.

"या वर, भावोजी," वरून हाक आली. "बंदूक मात्र खालीच ठेवा. थव्याला भुलवायला बांधलेल्या पाळीव कबुतराची दोरी हलवायला माणूस हवाय."

तो कुरकुरत चढला. तासाभराने डोंगरावरून थवा उतरला, आणि दोरी हलवता हलवता तोच आधी किंचाळला, "वहिनी, डावीकडे! अगं वहिनी, डावीकडे!"