आठव्याचं वजन

मोजमावशीचे डोळे दुपारी तीनलाच पाणी गाळायला लागायचे. एकवीस वर्षं ती प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत टेबलावर पडलेल्या फोटोंतल्या रेघा मोजत होती. आता रेघ म्हणजे काय विचाराल, तर कणानं द्रवातून जाताना मागे सोडलेली बुडबुड्यांची वाट! वाट किती वाकली ते मावशी मोजणार, त्यावरून शेजारच्या खोलीत कणाचं वजन काढणार आणि त्याची चिठ्ठी तिच्याकडे येणार. शुक्रवारी फोटोंची ही फिल्म संपवून सोमवारी डोळ्यांचं ऑपरेशन, असं तिनं लेकीला कबूल केलं होतं. त्याआधी दोनदा शब्द मोडला होता.

गुरुवारी सकाळीच प्रयोगशाळेचे सर नाचत आले. हातातल्या कागदावर षटकोन.

"मावशी, मेसॉन नावाच्या कणांचं कुटुंब बघा! कोपऱ्यांवर सहा, मध्ये दोन. षटकोन फिरवा, बिऱ्हाड तसंच दिसतं. ही सममिती धरली की प्रत्येकाची जागा ठरते. सात सापडलेत. त्यांच्या वजनांवरून आठव्याचं निघालं, पाचशे सदुसष्ट!"

मावशीनं कपाळाला हात लावला. "अहो, आकडा कशाला सांगितलात?" मोजणाऱ्याच्या कानावर अपेक्षित आकडा आधी घालायचा नाही, हा त्या खोलीचा नियम होता.

"तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही डोळे मिटून मोजाल!"

"ते सोमवारी."

शुक्रवारी फिल्म संपली. सरासरी पाचशे पासष्ट. सर हवेत. मावशीनं पिशवी उचलली आणि तिची नजर रद्दीच्या टोपलीवर गेली. तिनं अस्पष्ट म्हणून टाकलेले फोटो एरवी मूठभर असायचे. आज टोपली शिगोशीग भरलेली. तिनं सोबतच्या चिठ्ठ्या चाळल्या. पाचशे चाळीस, बेचाळीस, अठ्ठेचाळीस... सदुसष्टच्या वर एकही नाही. चिठ्ठी कमी आली की तिला फोटो धूसर दिसला होता. पुन्हा पाहिले, तर चांगले लख्ख!

कुणाला कळणार नव्हतं. ती स्टुलावर बसली. दमलेल्या माणसाला खरं बोलायचाही कंटाळा येतो.

"सर, दोन दिवसांचं काम फुकट. माझ्या जागी येणाऱ्या नव्या बाई पुन्हा मोजतील, त्यांना शिकवायला मी थांबते. आणि तुम्ही त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही."

फोनवर लेक एवढंच म्हणाली, "आई, परत?"

तीन आठवड्यांनी नव्या बाईंचा आकडा आला, पाचशे पन्नास.

सरांचा चेहरा पडला. "सतरानं कमी. म्हणजे हिशेबात धरली त्यापेक्षा सममिती जरा जास्तच मोडलेली आहे."

"माझ्या डोळ्यांइतकी नाही ना? मग चालेल," मावशी म्हणाली, आणि पिशवी घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागली.