गाऱ्हाण्यात माझं नाव नव्हतं

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वहिनीनं माझी उशी, गोधडी आणि कपड्यांची पिशवी उचलून मांगरात टाकली. मांगर म्हणजे आमच्या खळ्यापलीकडची गवत-लाकडं ठेवायची खोपी. वर मला म्हणते, "वन्स, पोरांका बाथरूम जवळ लागता. तुमचां काय, तुमी खंयय निजशात." मी काय, कुठंही निजेन म्हणे.

पोरं म्हणजे माझा तिशीतला भाचा आणि त्याची पोटुशी बायको. दादा-वहिनीबरोबर मुंबईहून नव्या गाडीतून आलेली. आणि ते बाथरूम बांधलं कोणी? मी. काजूच्या कारखान्यात बिया फोडून फोडून बोटांची सालं गेली माझी. आईला पावसात अंगणातून पलीकडे जावं लागू नये म्हणून बांधलं. आई आता ऐंशीची. त्याला लागूनच्या खोलीत आम्ही दोघीच राहतो, बारा महिने. तिची खाट माजघरात सरकवली आणि मी मांगरात गेले. गेले हो, मुकाट्यानं गेले. सणासुदीला कशाला वाद, म्हणून.

दुसऱ्या दिवशी आरती झाली. दादा गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. आमच्याकडे घरातला कर्ता पुरुष देवासमोर घरातल्या सगळ्यांची नावं घेतो, त्यांचं बरं कर म्हणून सांगतो, आणि दर वाक्याला मागची माणसं "व्हय महाराजा" म्हणतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हाताला तांदळाचं पीठ.

दादानं स्वतःचं नाव घेतलं. व्हय महाराजा. वहिनीचं, मुलाचं, सुनेचं घेतलं. व्हय महाराजा. आईचं घेतलं. सुनेच्या पोटातलं बाळ सुखरूप येऊ दे म्हणाला. मग म्हणाला, "नवी गाडी घेतली हा, तिका खंय घासटा-बिसटा लागाक देव नको रे महाराजा."

व्हय महाराजा. मीसुद्धा म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणाले.

गाऱ्हाणं संपलं. कापूर विझायच्या आत माझ्या ध्यानात आलं. गाडी आली, मी नाही आले. आणि त्यावर मीच व्हय म्हणून बसले होते. लहानपणापासूनची सवय. नाव आहे की नाही ते ऐकायचंच नाही, फक्त व्हय म्हणायचं. बाबा होते तेव्हा तरी ते माझं नाव घ्यायचे का? आठवून बघितलं. लग्न झाल्यापासून कधीच नाही.

मी तशीच पुढं गेले. "दादा, माझां नाव रवला."

तो हसला. "तुझां नाव तुझ्या घोवाच्या घरच्या गाऱ्हाण्यात. माहेरच्या गाऱ्हाण्यात चेडवांचां नाव घेनत नाय."

घोवानं मला पंचविशीत टाकलं. त्याच्या घरच्या गाऱ्हाण्यात त्याच्या दुसऱ्या बायकोचं नाव असतं. हे दादाला माहीत नाही? त्यानंच तर मला तिथून परत आणलं होतं. भाचा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "आत्या, देवाला सगळं माहीत असतं गं." मी आईकडे बघितलं. ती समईकडे बघत बसली. तिचाही राग आला मला, अजून आहे.

"चल, पानां वाढ," दादा म्हणाला.

वाढायला डाव हातात घेतला होता, तो परातीत ठेवला. खोलीत गेले. भाच्याच्या बॅगा, सुनेच्या साड्या, चार्जर, सगळं उचलून बाहेर खळ्यात नेऊन ठेवलं. आईची खाट मीच एकटीनं ओढत परत आत आणली. मांगरातून माझी उशी आणली. वहिनी थयथयाट करत होती, वाडीतली माणसं दगडी गडग्यापलीकडून बघत होती. बघू देत. त्या दिवशी पानं त्यांनी आपापली वाढून घेतली.

दिवाळीनंतर भाचा एकटाच आला. गोड गोड बोलत. या घराचं त्याला पर्यटकांसाठी होमस्टे करायचं होतं. म्हणून हक्कसोडपत्र आणलं होतं, वडिलार्जित घरातला माझा हिस्सा मी सोडला असं लिहिलेलं. "आत्या, फक्त एक सही. आजी आमच्याकडे मुंबईला राहील. तुझी सोय करू कुठंतरी."

कुठंतरी. आई-मुलीची अशी वाटणी करून तो चहा पीत बसला होता.

मी म्हटलं, "गाऱ्हाण्यात नसलेल्या माणसाची सही कित्याक होयी तुका?"

चहा अर्धा टाकून गेला. त्या रात्री दादाचा फोन आला, नंतर वहिनीचा, नंतर चुलत्याचा. मी उचलला नाही. आईनं विचारलं, कोण गो? म्हटलं, कोण नाय.

आता पुन्हा चतुर्थी आली. ते येणार, वाडीत तोंड दाखवायला यावंच लागतं. खोलीला माझं कुलूप आहे. मांगर झाडून ठेवलाय, दोन चटया टाकल्यात. भाच्याच्या बायकोला तान्हं आहे, तिच्यापुरती माजघरात जागा. बाकीच्यांनी खंयय निजावं.

आणि गाऱ्हाणं मी घालणार. बायकांनी घालायचं नसतं म्हणे. घर मी राखायचं, गणपतीवरची फळापानांची माटवी मी बांधायची, नैवेद्य मी रांधायचा, तोंड मात्र दादाचं. यंदा तोंड माझं. आईचं नाव घेईन, माझं घेईन, त्या तान्ह्याचं घेईन. दादाचं घेणार नाही. गाडीचंही नाही.

तो मागं उभा असेल. सवय त्यालाही आहे, बाबांच्या वेळची. व्हय महाराजा म्हणेल. म्हणाला नाही तर नैवेद्यावर झाकलेलं केळीचं पान मी उचलणार नाही, आणि ते उचलल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही.