लव्हाळ्यांची जागा

तिला ऑफिसात फूटपट्टी म्हणत. वाकत नाही म्हणून. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी साहित्य शिकले, ती इमारती आखायला शिकली.

नदीकाठी पाण्यावर संशोधन करणारी संस्था उभी राहायची होती. नकाशाचं काम तिच्याकडे आलं. खालचा मजला तिने मोकळा सोडला, पुराला वाट हवी म्हणून. छपरावरचं पाणी टाकीत. आणि मागे लव्हाळ्यांचे वाफे. संडास-मोऱ्यांचं पाणी त्या मुळांतून गाळूनच नदीत सोडायचं. या वाफ्यांवर तिचा फार जीव. घरी जेवतानाही तेच.

"अगं, ताटावर बसून कसलं बोलतेस!" तिची आई ओरडायची.

मग संस्थेचे संचालक आले. त्यांनी वाफ्यांवर बोट ठेवलं. "इथे गाड्या लागतील."

"आणि मैल्याचं पाणी?"

"एवढी मोठी नदी आहे, बाई. कुणाला कळतंय?"

"पाण्याचीच संस्था ना ही?"

तिचे साहेब मध्ये पडले. "फूटपट्टी, वाक की जरा. गवतच आहे ते."

तिने वाफे काढले. तिथे गाड्यांची जागा आखली.

देणगीदारांच्या सभेत भिंतभर नकाशा लागला. संडासापासून थेट नदीपर्यंत ठसठशीत लाल रेघ. शेजारी लिहिलेलं: मैल्याचं पाणी, न गाळता.

"हे काय?" एका म्हाताऱ्या देणगीदारांनी विचारलं.

"छपाईची चूक," संचालक म्हणाले.

ती मागून उठली. "चूक नाही, आजोबा. मी काढलीय."

"अस्सं," आजोबा म्हणाले, आणि चहाचा कप उचलला. सगळ्यांनीच उचलला. तिच्या सोबतीला म्हणून मीही तिथे होते. माझा अजून विश्वास बसत नाही.

तिची नोकरी गेली. रेघही गेली.

आता इमारत उभी आहे. दारावर 'पर्यावरणस्नेही' अशी पितळी पाटी. लाज कशी वाटत नाही या लोकांना?

परवा ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली. गाड्यांच्या पलीकडे, रेघ होती तिथेच, पाइप वाहत होता. संस्थेतला एकजण नमुन्याच्या बाटल्या घेऊन काठावर आला. पाइप दिसताच नाक दाबून प्रवाहाच्या पार वरच्या अंगाला गेला आणि तिथे बाटल्या भरू लागला.

"अहो दादा, इथलंही न्या की!" ती ओरडली.

"तिथलं नको, ताई. आकडे बिघडतात."

पिशवीतली पाण्याची बाटली तिने रिकामी केली, चपला काढून खाली उतरली आणि पाइपाला बाटली लावली.

मग आम्ही पुढच्या दाराने आत गेलो.